सासूबाई पोलंडला येताहेत, त्यांना काय खाऊ घालू?

प्रश्न: आम्ही मूळचे सांगलीकडचे, आठ महिन्यांपूर्वी व्रोत्सवाफला आलो. ऑक्टोबरअखेर सासूबाई तीन महिन्यांसाठी येणार आहेत. त्या शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत. इथलं जेवण म्हणजे बटाटा आणि डुकराचं मांस असंच आम्हाला वाटत आलं आहे. त्यांना इथलं म्हणून काय दाखवावं?

उत्तर: ताई, खूप काही आहे, आणि सुरुवात तुमच्याच गावापासून करता येईल. १९४५नंतर व्रोत्सवाफ पोलंडकडे आलं. तिथल्या जर्मन लोकांना जावं लागलं आणि पूर्वेकडून, ल्वूफच्या (आजच्या युक्रेनमधल्या ल्विवच्या) भागातून पोलिश कुटुंबं येऊन वसली. त्यांनी आपलं खाणंही सोबत आणलं. बटाटा, त्वारूग आणि परतलेला कांदा भरलेले 'पिएरोगी रुस्क्ये' (उकडलेल्या करंज्यांसारखे) हे त्या पूर्वेकडच्या मुलखाचंच पक्वान्न. त्वारूग आपल्या पनीरच्या जवळचा, पण आंबटसर आणि भुसभुशीत. हे पिएरोगी मागवताना दोन गोष्टी विचाराच. वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, म्हणून "बेस स्क्फारेक" सांगायचं. आणि पारीत अंडं, म्हणजे 'याय्को', आहे का ते विचारायचं. मी तर सासूबाईंसोबत घरीच करा म्हणेन. कणीक कोमट पाण्यात भिजवायची. मुरड घालणाऱ्या हातांना ते काम लगेच जमतं.

त्याच लोकांनी आणलेली दुसरी गोष्ट म्हणजे कुत्या. कांडून साल काढलेले गहू शिजवायचे, त्यात वाटलेली खसखस, मध, मनुका आणि अक्रोड घालायचे. तुमच्याकडच्या गव्हाच्या खिरीची ही थेट बहीणच! गुळाच्या जागी मध आणि खोबऱ्याच्या जागी खसखस, एवढाच फरक. २४ डिसेंबरच्या रात्री, विगिल्याला (नाताळच्या आदल्या संध्याकाळी), ती करतात. त्या रात्रीच्या ताटात परंपरेने बारा पदार्थ असतात आणि मांस नसतं. मासे मात्र असतात, ते सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. बिटाचं आंबट सार म्हणजे बार्श्च, आणि कोबी-मशरूमचे पिएरोगी त्यांना चालतील. पिएरोगींच्या आणि बार्श्चमध्ये सोडतात त्या छोट्या, सारण भरलेल्या 'उश्का'ंच्या पारीत अंडं आहे का ते विचारून घ्या. अनपेक्षित पाहुण्यासाठी एक ताट रिकामं मांडून ठेवतात. शेजाऱ्यांनी बोलावलं तर नक्की जा, आणि जाताना आपली खीर घेऊन जा. बोलण्यात वळिवड्याचा विषय काढा. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. सांगलीच्या माणसाने हे सांगितलं की घरातली वडीलधारी मंडळी जवळ येऊन बसतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

नोव्हेंबरात एक दिवस पोझनानला जा. तिथे बटाट्याला 'पिरा' म्हणतात आणि उकडलेल्या बटाट्यांवर ग्झिक घालून खातात. ग्झिक म्हणजे त्वारूग, आंबट साय, कांदा आणि पातीसारखी हिरवी श्चिप्योरेक. साधं, पण पोटभर जेवण. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी तिथे चंद्रकोरीच्या आकाराचे 'रोगाल' मिळतात, आत पांढऱ्या खसखशीचं गोड सारण. २००८पासून त्या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. पिठात अंडं असतं, म्हणून हा खाऊ तुमच्यासाठी आणि मुलांसाठी.

थंडीत घरी झुरेक, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं आंबट सूप, कराच. राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) याचं पीठ कोमट पाण्यात कालवून, लसूण, तमालपत्र आणि ऑलस्पाइस घालून चार-पाच दिवस आंबवतात. आंबील प्यायलेल्या माणसाला तो वास परका वाटत नाही. हे आंबवण दुकानात 'झाक्वास' नावाने बाटलीत मिळतं. हॉटेलातलं झुरेक बहुधा मांसाच्या पाण्यावर केलेलं असतं, म्हणून सासूबाईंसाठी घरचंच: भाज्यांचं पाणी, बटाटा आणि शेवटी सुका मार्जोरम चुरडून. घरात कोणी मांस खाणारं असेल तर पांढरं सॉसेज त्यांच्या वाडग्यात वेगळं घाला.

झाकोपाने या डोंगरातल्या गावी गेलात तर ओस्त्सिपेकच्या बाबतीत सावध राहा. मेंढीच्या दुधाचं हे धुरावलेलं चीज मे ते सप्टेंबर या चरणीच्या हंगामातलं आहे. भर हिवाळ्यात रस्त्यावर त्याच आकाराचं दिसतं ते बहुतेक गाईच्या दुधाचं. चव चांगलीच असते, पण ते ओस्त्सिपेक नव्हे. शिवाय दूध साकळायला पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, तेव्हा सासूबाईंना ते न देणंच योग्य. त्यांच्यासाठी तिथे मोस्कोले आहेत: उकडलेला बटाटा आणि पीठ मळून शेगडीच्या तव्यावर भाजलेल्या जाड भाकऱ्या, वर लसणाचं लोणी. अंड्याचं मात्र इथेही विचारा.

लुब्लिनकडे जाणं झालं तर कांदा आणि खसखस पसरलेली त्सेबुलाश ही रोटी गरम असतानाच खा. ती मूळची तिथल्या ज्यू बेकऱ्यांची.

आणि एक शब्द सगळ्यांनी पाठ करून ठेवा: स्मालेत्स, म्हणजे डुकराची चरबी. गुलाबाचा मुरंबा भरलेले पोंच्की (गोल डोनट) पाहून गुलकंदाची आठवण येते आणि हात आपोआप पुढे जातो, पण परंपरेने ते यातच तळतात. दुकानदाराला विचारलं तर तो तेलात तळलेले कुठले ते सांगतो; सासूबाईंसाठी अंड्याचंही विचारा.