वाचकांचे प्रश्न : गोळी पुंगळीत अडते तेव्हा

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो, .३०८ विंचेस्टरची काडतुसं घरी भरतो. पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळी) स्टेनलेस पिना घालून पाण्यात धुवायला लागल्यापासून गोळी बसवताना प्रेसचं हँडल कधी सहज येतं, कधी मध्येच अडतं. काहींच्या तोंडाशी तांब्याचा कीस दिसतो. सीटिंग डाय (गोळी पुंगळीत बसवणारा साचा) बदलू का?

उत्तर : डाय बदलू नका. इथे दोष दोन आहेत आणि दोन्ही पुंगळीत आहेत.

कीस निघतो तो तोंडाच्या आतल्या कडेमुळे. पुंगळी २.००५ इंचांवर ट्रिम केली (कापून लांबी कमी केली) की ही कड धारदार राहते आणि गोळीचं जॅकेट (बाहेरचं तांब्याचं आवरण) तासते. दर ट्रिमनंतर आतून चॅम्फर (कड तिरकी घासणं), बाहेरून डीबर (खरबरीत कड काढणं) कराच. हलक्या हाताने दोन-तीन वेढे पुरे. तोंड पातळ करू नका. सपाट बुडाच्या गोळीला याची गरज जास्त, बोट-टेल निमुळत्या बुडामुळे सहज शिरते.

हँडल अडतं ते अतिस्वच्छतेमुळे. मानेच्या (पुंगळीचा गोळी धरणारा अरुंद भाग) आतली काजळी वंगणाचं काम करते. पिना ती पार खरवडून काढतात आणि जॅकेट कोऱ्या पितळावर घासतं. नायलॉन ब्रशने कोरडं ग्रॅफाइट आतून फिरवा, जादा झटकून टाका. तेल अजिबात नको, त्याने पावडर आणि प्रायमर नासतात.

तरीही अडलं तर पकड मोजा. साइझिंगनंतरचा (पुंगळी दाबून मापात आणल्यावरचा) मानेचा बाहेरचा व्यास आणि गोळी बसल्यावरचा व्यास यांत ०.००२ इंच फरक बोल्ट-ॲक्शन रायफलला पुरतो. बराच जास्त निघाला तर ०.३०६ इंचाचा मँड्रेल (मान आतून रुंदावणारी दांडी) मानेतून काढा. त्याच गठ्ठ्यातल्या काही माना घट्ट, काही सैल असतील, तर पितळ कमी-जास्त कडक झालं आहे, ॲनीलिंग करा (मान तापवून पितळ मऊ करा).

डाय लावताना पुंगळीसह रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) पूर्ण वर घ्या, तोंडाला टेकेपर्यंत डाय खाली फिरवा आणि एक फेरा मागे घ्या. नाहीतर बसवता बसवताच क्रिंप होऊ लागतं (पुंगळीचं तोंड आत दाबलं जातं) आणि गोळी आवळली जाते.

प्रश्न : बसवलेल्या गोळीवर गोल वळ उठतो. कशामुळे?

उत्तर : सीटिंग स्टेमची (डायमधला गोळी दाबणारा दांडा) वाटी लांब निमुळत्या गोळीला जुळत नाही, तिची कड रुततेय. त्या आकाराचा स्टेम घ्या. पावडर गोळीखाली दाबली जात असेल तरीही वळ येतो. तो टाळायला काडतुसाची लांबी मनाने बदलू नका. गोळी खोल गेली की दाब वाढू शकतो.

प्रश्न : पुण्यात हे करता येईल?

उत्तर : परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो.