माऊसने चित्र ओढताना भोकं का पडतात

माऊसच्या ब्रशने चित्र ओढून वाकवणारा (वार्प करणारा) प्रोग्रॅम लिहिताय आणि चित्रात भोकं पडतायत? तुम्ही मूळ पिक्सेल उचलून नव्या जागी ठेवताय, म्हणून भोकं पडतात. उलटं करा: नव्या चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलसाठी मूळ चित्रातली जागा शोधा. ती अपूर्णांकात येते, तेव्हा शेजारच्या 4 पिक्सेलची बायलिनियर सरासरी (जवळच्या पिक्सेलला जास्त वजन देणारी) घ्या.

प्रत्येक पिक्सेलची मूळ चित्रातली जागा सांगणारा तक्ता म्हणजे नकाशा. ब्रशची त्रिज्या r, ब्रशच्या केंद्रापासून पिक्सेल x चं अंतर d; वजन (तो किती सरकेल) w = (1 − d²/r²)², r बाहेर शून्य. माऊस m इतका सरकला, तर नवा नकाशा(x) = जुना नकाशा(x − w·m). जुना नकाशा बदलण्याआधी केलेल्या कॉपीतूनच वाचा, नाहीतर चित्र एका बाजूला फरफटतं.

वार्प झालेलं चित्र पुन्हा वार्प करू नका, दहा-बारा फटक्यांत ते धूसर होतं. साठवायचा तो नकाशा, चित्र दरवेळी मूळ चित्रातूनच काढायचं. माऊस झपकन ओढला की घड्या पडतात; माऊसची एक हालचाल (m) r/4 पेक्षा मोठी असेल तर तिचे तुकडे करा.