गळती कुठली ते कळल्याशिवाय बिल ठरवू नका

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. आमची २००९ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. कळंब्याहून रोज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी तिनंच जाते. सासर वैभववाडीकडं, त्यामुळं सणासुदीला गगनबावड्यावरून करूळ घाट उतरणं आलंच. दोन-तीन महिने झाले, कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली आठवड्यात तळाला जाते. गाडीखाली डाग मात्र फारसा दिसत नाही. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडून बघितलं आणि रेडिएटर, वॉटर पंप, हेड गॅस्केट मिळून ३८ हजार सांगितले. जुन्या गाड्या घेणारा ६० हजारांच्या वर जाईना. मिस्टर म्हणतात, साठाच्या गाडीवर अडतीस घालणं म्हणजे येडेपणा. भावानं गळती थांबवायची पावडर आणून दिली आहे. पंधरा वर्षं झाल्यावर ५ हजार फी भरून नोंदणीही पुन्हा करून घेतलीय. दुरुस्त करू की काढून टाकू?
— एक वाचक, कळंबा

उत्तर : ताई, नुसतं बॉनेट उघडून तीन पार्टांचं एस्टिमेट कसं निघालं, हे मला काही उमगलं नाही. रेडिएटर म्हणजे कूलंट गार करणारी जाळी, पंप ते फिरवणारा, आणि हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्ही एकदम झालेली गाडी सहसा स्वतःच्या चाकावर गॅरेजला येत नाही, टोचन करून आणावी लागते. तुमची रोज कागलला जाऊन येते.

आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून त्या जागी हातपंप बसवतात आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत हवा भरतात. छोट्या गाड्यांच्या झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो साधारण बार या मापातला दाब. पंपाचा काटा दहा-पंधरा मिनिटं जागचा हलला नाही तर बाहेर गळती नाही असं समजा. उतरायला लागला, की टॉर्च घेऊन खाली वाकायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हा पंप बऱ्याच गॅरेजवाल्यांकडं आहे. तुमच्यासमोर लावायला सांगा, आणि झाकणही तपासायला सांगा. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं असेल तर दाब धरत नाही, कूलंट उकळून बाटलीत येतं आणि तिथून बाहेर जातं. असं असेल तर काम काहीशे रुपयांत संपलं.

डाग दिसत नाही याचं नवल नको. ही गळती गाडी तापून आत दाब आला की सुरू होते, थेंब गरम ब्लॉकवर पडतो आणि जमिनीवर यायच्या आधीच वाळतो. मागं राहते ती हिरवट-पांढरी खपली. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं. त्या भोकाखाली खपलीची रेघ दिसली तर चोर सापडला. रेडिएटरची वरची-खालची टाकी प्लॅस्टिकची आणि मधली जाळी ॲल्युमिनियमची, दोन्ही जिथं दाबून बसवलेली असतात तो सांधा बोटानं चाचपून बघा, अर्थात इंजिन गार असताना. इतक्या वर्षांत ते प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. पूर्वीच्या पितळी रेडिएटरला सोल्डरचा डाग देऊन वर्षानुवर्षं चालवता यायचं, याला ती सोय नाही, नवाच घालावा लागतो. होज पाइप दाबून बघा. कुरकुरला किंवा क्लिपेजवळ फुगलेला दिसला तर बदला.

एक गल्लत लोक हमखास करतात. एसी लावल्यावर डाव्या बाजूला खाली टपटपतं ते साधं पाणी असतं, त्याला रंग नसतो. पण डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं आणि चिकट लागत असेल, गाडीत गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरची जाळी गळतेय. ती काढायला डॅशबोर्ड खोलावा लागतो, म्हणून मजुरी जास्त. (सांडलेलं कूलंट धुऊन टाका. चवीला गोड, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे.)

आता हेड गॅस्केट. खरा निर्णय इथंच आहे. सकाळी गार इंजिन झाकण काढून चालू करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघत राहा. सुरुवातीचे चार बुडबुडे आत अडकलेल्या हवेचे असू शकतात. इंजिन रेस केल्यावर बुडबुड्यांची रांगच लागली, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. चांगली गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा गोड वासाचा धूर येत राहिला, तर तीच शंका. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला की बरेच जण लगेच गॅस्केट गेलं म्हणतात. आपल्याकडं आषाढ-श्रावणात, गाडी जवळच्या जवळच फिरत असेल, तर नुसत्या दमटपणानंही तो थर धरतो. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा. तिथलं ऑइलही दुधाळ असेल तरच घाबरायचं.

गॅस्केट खरंच गेलं असेल तर हेड खोलून उद्यमनगरात फेसिंगला द्यायचं. तिथं पट्टी ठेवून फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, बाक बघतात. साधारण ०.०५ मिलिमीटरच्या वर बाक असला की हेड घासून सपाट करावं लागतं. तडा आहे का तेही त्याच वेळी तपासून घ्या. तडा निघाला तर तिथंच थांबा, मग या गाडीवर मी पैसे घालणार नाही.

मिस्टरांच्या हिशेबाबद्दल. साठ हजार ही विकणाऱ्याची किंमत. चालवणाऱ्यानं बघायचं ते हे, की ही गेल्यावर दारात काय येणार आणि कितीला. दोन-अडीच लाखांची जुनी घेतलीत तर तिचा पूर्वेतिहास तुम्हाला माहीत नसतो. शिवाय कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या आजही धुऊनपुसून विकायला येतात; सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितल्याशिवाय कुठली घेऊ नका, गाळाची रेघ तिथं राहिलेली असते. तुमच्या गाडीचं जे काही आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. नोंदणीची फी मात्र या हिशेबात धरू नका. ते पैसे गेले, ठेवलीत तरी आणि विकलीत तरी.

माझा निकाल विचाराल तर तो पत्र्यावर आहे. कार्पेट उचला, जॅक लावायची जागा आणि पुढच्या शॉकअपचं माथं बघा. कोकणच्या फेऱ्या असलेल्या गाडीला गंज तिथं आधी लागतो. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पत्रा आत गेला, तर रेडिएटर नवा घालूनही उपयोग नाही, जे मिळतील ते साठ घ्या. पत्रा घट्ट असेल आणि गळती झाकण, होज, पंप किंवा रेडिएटरची असेल, तर डोळे मिटून दुरुस्त करा. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टच्या, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या पट्ट्याच्या, मागं असतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच पडते.

भावानं दिलेली पावडर परत करा. आपल्याकडचे ड्रायव्हर रेडिएटरात हळद टाकायचे, ती घाटात अडकल्यावर घरी पोचण्यापुरती ठीक. हळद सांगलीची असो नाहीतर पावडर परदेशची, भोक बुजवणारी वस्तू जाळीच्या बारीक नळ्याही बुजवते, आणि हीटरची जाळी सगळ्यात आधी.

दुरुस्ती होईपर्यंत वैभववाडीला एसटीनं जा. उतरताना काही कळणार नाही. परत येताना करूळची चढण, दुसरा गिअर, वर एसी, तिथं पाणी संपतं. आणि डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याच्या भरवशावर राहू नका. सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच काटा खरं सांगतो. पाणीच उतरलं असेल तर इंजिन भाजत असताना काटा मध्यावर असू शकतो. कधी तापलीच, तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला घेऊन इंजिन बंद. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही आणि वरून गार पाणी ओतायचं नाही.

प्रश्न : हिरवं कूलंट होतं, आता गुलाबी मिळालं. वरून टाकू का? कूलंट महाग, तर उन्हाळ्यात बोअरचं पाणी चालेल का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : रंगावर जाऊ नका, गाडीच्या पुस्तकात कुठल्या प्रकारचं सांगितलंय ते बघा. दोन प्रकार मिसळले तर गंजरोधक गुण कमी होतो, कधी कधी गाळही धरतो. बदलायचंच असेल तर सगळं काढून, आतून धुऊन नवं भरा. बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घेतलं असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळा. डब्यावर 'रेडी टू यूज' लिहिलेलं असेल तर पाणी घालायचं नाही.