आधी माझं नाव खोड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली, दहावीला तुझी गणितं तपासायचे तशी, आणि तू लिहिलेल्या आठवड्याचा हिशेब मांडला. डोंबिवलीहून ठाणे, तिथे गाडी बदलून ऐरोली, पुढे रिक्षा. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. म्हणजे आठवड्याचे साडेबारा तास प्रवासात आणि पंचेचाळीस ऑफिसात. हे आज तरी तुझ्या हातात नाही, म्हणून ते बाजूला ठेवलं आणि उरलेलं बघत गेले. शनिवारी सकाळी सोसायटीच्या वह्या. दुपारी ऑफिसचा 'अर्ध्या तासाचा' कॉल, जो संध्याकाळपर्यंत चालतो. मग कुणाचं तरी रिसेप्शन. रविवारी मैत्रिणीच्या भावाचा बायोडेटा नीट करून देणं, आत्याच्या वास्तुशांतीसाठी केटररला फोन, रात्री शाळेच्या, कॉलेजच्या आणि जुन्या ऑफिसच्या ग्रुपवरचे शेकडो मेसेज. आणि अगदी शेवटच्या ओळीत तू लिहिलंस, "मोडी सुटलीच काकू. ट्रंक उघडून सहा महिने झाले."

तुमच्या घराण्याच्या मोडी लिपीतल्या जुन्या कागदांच्या ट्रंकेबद्दलच्या त्या एका ओळीसाठी मी हे पत्र लिहिते आहे.

पहाटे पाचला उठायची सवय कशी लावू, असं तू विचारलंस. लावू नकोस. साडेअकराला अंथरुणावर पडणाऱ्या मुलीने झोपेतून तास काढायचा नसतो. शिवाय तो तास महिनाभरही तुझ्याकडे राहणार नाही. तू लवकर उठतेस हे घरात कळलं की दुधाचं, पाण्याच्या मोटरचं, आईच्या गोळ्यांचं काम आपोआप तुझ्याकडे येईल. माठ गळत असताना आणखी पाणी भरून काय होणार? तुला आणखी तास नकोत, आहेत त्यातली काही कामं सोडून द्यायला हवी आहेत. कोणती, ते तूच ठरवायचं आहे आणि कोणी मागायला येण्याआधी ठरवायचं आहे.

हे मी कुठे शिकले ते तुला कधी सांगितलं नव्हतं. माझी आजी वाईजवळच्या गावात राहायची. तिला जात्यावरच्या ओव्या येत होत्या, किती ते तिलाही माहीत नव्हतं. गावात पिठाची गिरणी आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं, पण ओव्या तिच्यात होत्या. गंमत अशी की नुसतं "आजी, म्हण ना" म्हटलं की तिला एकही आठवायची नाही. खुंट्याला हात लावून जातं फिरवायला लागली की मात्र एकीमागून एक यायच्या: भावाच्या, माहेराच्या, पंढरीच्या, सीतेच्या वनवासाच्या. मी तेव्हा बँकेत होते. १९९१ च्या दिवाळीत टेपरेकॉर्डर घेऊन गेले, एक कॅसेट भरली आणि ठरवलं की दर दोन महिन्यांनी यायचं. पुढची सव्वादोन वर्षं मी गेले नाही. कारणं सगळी खरी होती. ऑफिसातल्या बायकांची भिशी माझ्याकडे होती, कारण माझा हिशेब चोख. आमच्या सोसायटीची चिटणीस मीच, कारण माझं अक्षर चांगलं. नणंदेच्या मुलीचा अभ्यास, शाखेतल्या निवृत्तांचे निरोप समारंभ, शेजारच्या काकांचे पेन्शनचे अर्ज. कोणी जबरदस्ती केली नव्हती. प्रत्येकाने गोड शब्दांत विचारलं आणि मी हो म्हणत गेले. १९९४ च्या फाल्गुनात आजी गेली. त्या कॅसेटवर त्रेचाळीस ओव्या आहेत. चव्वेचाळिसावी सुरू होते तेवढ्यात टेप संपते.

त्या भिशीत कोणकोण होतं, हे आज मला आठवत नाही.

म्हणून सांगते, तुझा वेळ फोन खातो, प्रवास खातो असं लोक म्हणतील. थोडं खरंही आहे. पण तुझा खरा चोर, जो माझाही होता, तो म्हणजे भीड. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. भिडेस्तव माणूस पैसा घालवतो हे सगळ्यांना दिसतं. वेळ घालवतो तो दिसत नाही, कारण कुठल्या पासबुकात त्याची नोंद होत नाही. आणि मुलींना तर भीड बाळगायला लहानपणापासून शिकवलेलं असतं. 'गुणी आहे हो, कधी नाही म्हणत नाही' हे कौतुक तू दहा वर्षांची असल्यापासून ऐकत आलीस. मीही ते केलं असेन. त्याबद्दल मला वाईट वाटतं.

या भिडेचा आपल्या बोलण्यातला सगळ्यात महागडा शब्द कोणता, ठाऊक आहे? 'बघते.' त्याची भावंडं म्हणजे 'जमलं तर येते' आणि 'प्रयत्न करते'. बोलणारीला वाटतं आपण हो म्हटलं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं हो म्हटलं. मग तो दोनदा आठवण करतो, तू दोनदा टाळतेस, तिसऱ्यांदा अपराधी वाटून जातेस आणि काम करतेसच. एका कामात दिवस गेला आणि ते टाळण्यात आठवडाभराची मनःशांती गेली. त्यापेक्षा पहिल्याच वेळी सांग, "मला हे जमणार नाही." बस. पुढे कारण जोडू नकोस. कारण सांगितलंस की समोरचा त्या कारणावर तोडगा काढतो. शनिवारी काम आहे म्हणालीस की तो म्हणेल, मग रविवारी ये. 'जमणार नाही' यावर तोडगा नसतो. पहिल्या दोन-तीन वेळा घशाशी येईल, रात्री झोप लागणार नाही. न लागू दे. चौथ्या वेळी लोकांच्या लक्षात येतं की ही स्पष्ट सांगते, आणि मग तेही विचार करून विचारतात.

आता नावं घेऊनच बोलू. सोसायटीत पुढच्या निवडणुकीत तुला समितीवर घ्यायचं चाललं आहे, असं तू लिहिलंस. तिथे नाही म्हण. आपल्याकडे १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालची समिती एकदा निवडून आली की पाच वर्षांची असते. म्हणजे हा प्रश्न एका शनिवारचा नाही, वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंतच्या शनिवारांचा आहे. समिती वाईट नव्हे, कोणीतरी ती चालवलीच पाहिजे. मी अकरा वर्षं चालवली. त्या खुर्चीवर तुझ्याआधी बसू शकतील अशी निवृत्त माणसं आपल्या दोन विंगांत मला सहा दिसतात, त्यांतल्या दोघांशी मी स्वतः बोलेन. वर्षातून एकदा, ऑडिटच्या आधी, ताळेबंद बघून दे. तेवढं पुरे.

ऑफिसच्या शनिवारचं जरा वेगळं आहे, कारण तिथे पगार आहे आणि भीती आहे. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये तशी तरतूद २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे होईल तेव्हा होईल. तोवर तुझ्या वरच्या माणसाला एक साधा प्रश्न लेखी विचार: महिन्यातल्या कोणत्या शनिवारी माझी खरोखर गरज आहे? माझा अंदाज आहे, उत्तर एक किंवा दोन येईल. त्या दिवशी मन लावून काम कर. बाकीच्या शनिवारी फोन स्वयंपाकघरात राहू दे.

ग्रुपबद्दल फार लिहीत नाही. निघून ये, किंवा बंद करून ठेव. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

रिसेप्शनला जाऊ नकोस. लग्नाला जायचं असेल तर मुहूर्तावर जा, अक्षता टाक, ये. पण दोन गोष्टी या यादीत घालू नकोस: दवाखान्यात असलेल्या माणसाला भेटणं आणि कोणाच्या घरी मर्तिक झाल्यावर जाणं. तिथे वेळेचा हिशेब करायचा नाही. हल्ली वेळ वाचवण्याबद्दल बोलणारे लोक रिसेप्शन आणि हे एकाच मापाने मोजतात, ते मला पटत नाही. बुफेच्या रांगेत तुझ्याऐवजी कोणीही उभं राहिलं तर चालतं. मैत्रिणीची आई गेली तर तिच्याशेजारी बसायला तूच लागतेस.

घरातलंही बोलायला हवं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की देशात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. तुझा भाऊ तुझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. रविवारचा बाजार आणि इस्त्रीचे कपडे त्याला दे. त्याने पहिल्यांदा मेथीऐवजी शेपू आणली तर ती भाजी मुकाट्याने करा आणि खा, पण 'दे, मीच आणते' म्हणू नकोस.

तू म्हणशील, एवढं सगळं करून मिळणार काय? रविवार. अख्खा एक रविवार. आणि तो कुठून आला हे तुला माहीत असावं असं मला वाटतं. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या बघ: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचं एक कारण सांगितलं जातं. १० जून १८९० रोजी सुट्टी मिळाली. मी त्या निवेदनाकडे नेहमी एका गोष्टीसाठी परत जाते. 'आम्हाला वेळ द्या' असं त्यात नाही. वार लिहिला आहे, घटका लिहिली आहे, तारीख लिहिली आहे. तूसुद्धा मनाशी 'मोडीसाठी वेळ काढला पाहिजे' म्हणू नकोस. रविवार, सकाळी आठ ते बारा, असं कागदावर लिही आणि तो कागद घरातल्यांना दिसेल असा फ्रिजवर लाव.

चार तास सलग का, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तूच मला दाखवलं होतंस: आधी शिरोरेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची, ऱ्हस्व-दीर्घ एकच. शब्द कुठे तुटतो तेही दिसत नाही. एखाद्या कारकुनाच्या हाताला डोळे सरावायलाच पाऊण तास जातो, असं म्हणाली होतीस. मग लोकलमध्ये वीस मिनिटं आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं जोडून मोडी कशी वाचली जाईल? प्रत्येक वेळी डोळा पहिल्यापासून सरावायला बसेल आणि तू 'सलास', 'अर्बा', 'खमस' असे अरबी आकडे लावत पहिल्या ओळीतल्या सालावरच अडकून राहशील. सरकारचे जुने कागद जपणाऱ्या पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गात तू मन लावून शिकलीस, ते हात विसरायच्या आत परत बैस.

आणि ट्रंकेच्याही आधी एक काम आहे. तुझे चुलत आजोबा ८८ वर्षांचे आहेत असं तूच सांगितलंस. कागदात शेतांची नावं येतात, वाटण्यांत बांध येतात, विहिरी येतात. कागद किडीपासून जपून ठेवता येईल, नेप्थलिनच्या गोळ्या घालून ट्रंक बंद करता येईल. पण 'वडाची पट्टी' म्हणजे नेमकं कोणतं रान, हे बोट दाखवून सांगणारा माणूस एकच उरला आहे, आणि त्याला पावसाळ्यात दमा होतो. तेव्हा क्रम बदल. पहिले चार रविवार त्यांच्याकडे जा. कागदांच्या झेरॉक्स ने, मूळ प्रती नको. जमलं तर त्यांना खोलीत बसवून विचारू नकोस, शेताच्या बांधावर घेऊन जा. माझ्या आजीला जात्याशिवाय आठवत नव्हतं, त्यांनाही रानात गेल्याशिवाय कदाचित आठवणार नाही.

तुझ्या आठवड्याच्या यादीत आणखी एक ओळ होती, ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. 'येत्या शनिवारी काकूंकडे, कॅसेट फोनवर उतरवून द्यायला.' मला ते किती हवं आहे हे तुला माहीत आहे. टेप जुनी झाली आहे, आजीचा आवाज मध्येमध्ये घसरतो. पण ते काम मी दुकानात देईन, ठाण्याला करून देणारे आहेत. तू शनिवारी दुपारीच गावची एसटी पकड. रात्री तिथे पोचलीस तर रविवार सकाळ पूर्ण हातात येईल.

आजोबांसाठी भाकरीबरोबर खायला काय नेऊ असं विचारशील. दात नसतील, तर शेंगदाण्याची चटणी बारीक कुटून ने.

तुझी,
काकू