कोंबडा आरवल्यानंतर: घरातलं अपयश आणि देवाचं सामर्थ्य

परदेशात स्थायिक झालेल्या ख्रिस्ती घरांत काही गोष्टी कोणी मोठ्याने बोलत नाही. नोकरी गेलेली असते आणि गावाकडे आई-वडिलांना पत्ता नसतो. नवऱ्याने कर्ज लपवलेलं असतं, किंवा मुलीने उपासनेला यायचं सोडलेलं असतं. रविवारच्या फोनवर मात्र सगळं ‘प्रभूच्या कृपेने छान’ असतं. आत एकच प्रश्न पोखरत राहतो: आम्हीच असे कोसळलो, तर देव आमच्या घरातून काय करणार?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आधी लूक २२:३१-३४ उघडा आणि घटनांचा क्रम नीट पाहा. ‘तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे,’ असं येशू आपला शिष्य पेत्र याला सांगतो आणि पुढे म्हणतो की तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. कोंबडा आरवण्याआधी पेत्र ‘मी येशूला ओळखत नाही’ असं तीनदा म्हणून त्याला नाकारणार, हे त्यानंतर येतं. म्हणजे पेत्र पडण्याआधीच प्रार्थना झालेली आहे आणि उठल्यावरचं कामही ठरलेलं आहे. ‘वळलास तर’ असं येशू म्हणत नाही. पेत्राची स्वतःची ग्वाही तुरुंगात जाण्याची आणि मरण्याचीही होती. ती कोंबडा आरवेपर्यंतसुद्धा टिकली नाही, टिकली ती येशूची प्रार्थना. भरवसा ठेवायचा तो हिच्यावर. आपल्या निर्धारावर ठेवलेला भरवसा पहिल्याच थंड रात्री विरून जातो.

आता घरात काय करायचं ते पाहू.

नेमकं काय झालं ते आधी कागदावर लिहा. इथे बहुतेकांची गल्लत होते, कारण पाप, चूक, अपयश आणि थकवा हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलं जातं. कर्ज लपवलं हे पाप आहे, त्याची कबुली द्यावी लागते. करार नीट न वाचता सही केली ही चूक आहे, ती दुरुस्त करायची असते. मंदीत नोकरी गेली हे अपयश वाटलं तरी त्यात गुन्हा नाही. त्यासाठी क्षमा मागत बसलात तर जिथे रडायला हवं तिथे स्वतःला शिक्षा देत राहाल. आणि दोन नोकऱ्या, लहान मूल आणि मदतीला कोणीच नाही, अशा दमलेल्या माणसाला पश्चात्तापाची नव्हे, विश्रांतीची गरज असते. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. दोनदा उठवून भाकर आणि पाणी देतो, मधल्या वेळात झोपू देतो. देवाच्या डोंगराकडे, होरेबकडे, जाणारा प्रवास त्यानंतरचा. घरात कोणाची झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटतंय असं कोणी बोलत असेल, तर प्रार्थना करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांनाही गाठा. अशा माणसाला एकटं सोडू नका.

कबुली द्यायची असेल तर ती नेमकी हवी. ‘माझ्याकडून काही चुका झाल्या’ या वाक्यात काहीच कबूल होत नाही. ‘मी इतकं कर्ज घेतलं, इतके महिने तुझ्यापासून लपवलं, विचारलंस तेव्हा खोटं बोललो,’ असं वाक्य हवं. रक्कम, मुदत आणि खोटं या तिन्ही गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. जकातदार जक्कय येशूला ‘फसवलं असेल तर चौपट परत देतो’ म्हणाला, त्याने आकडा सांगितला. व्यभिचार आणि खून करणाऱ्या दावीद राजाला क्षमा मिळाली, पण २ शमुवेल १२ मध्ये परिणाम टळले नाहीत, हेही घरात स्पष्ट बोला. देवाने क्षमा केली म्हणून हप्ते माफ होत नाहीत. दर महिन्याला किती फेडायचं, खात्यावर नजर कोणी ठेवायची, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवा.

मुलांना यात किती सामील करायचं? तपशील नकोत, पण खोटंही नको. कौटुंबिक प्रार्थनेच्या दोन संध्याकाळी यासाठी ठेवा, प्रत्येकी पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्या दिवशी योहान १८:१५-१८ आणि २५-२७ वाचा, दुसऱ्या दिवशी योहान २१:१-१९. मग मुलांना विचारा की दोन्हीकडे कोणती वस्तू सारखी आहे. कोळशांचा विस्तव! पहिल्याजवळ पेत्र ऊब घेत उभा होता आणि नाकारत होता. दुसऱ्यावर येशूने मासळी ठेवली होती आणि तो ‘या, न्याहारी करा’ म्हणत होता. तीन नकारांपुढे तीन प्रश्न आणि तीन वेळा सोपवलेली मेंढरं. मुलं हे स्वतः शोधतात तेव्हा ते त्यांच्या लक्षात राहतं. त्यांना ज्या भाषेत विचार सुचतो त्याच भाषेत प्रार्थना करू द्या. पाठ केलेल्या मराठीत मूल कधी मनातलं बोलत नाही. आणि ‘आता तूही तुझं सांग’ असं म्हणू नका. भाग पाडून घेतलेली कबुली म्हणजे उलटतपासणी.

आणखी एक चूक नेहमी होते. ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून कोणाचं तरी अपयश नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं जातं. तासाभरात ते तीन देशांत पोहोचतं. ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. विषय सांगायचाच असेल तर पाळकांना किंवा एका भरवशाच्या माणसाला सांगा.

क्षमा आणि विश्वास यांचा वेग एक नसतो. पौलाच्या सुवार्ता-फेरीतला सोबती योहान मार्क पिर्गाहून माघारी फिरला, तेव्हा पुढच्या फेरीत पौलाने त्याला सोबत घ्यायचं नाकारलं. पौलाचा सहकारी बर्णबा याने मात्र त्याला कुप्र बेटावर नेलं. कित्येक वर्षांनी तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. घरात पौलासारखा सावध माणूस असेल तर त्याला अविश्वासू ठरवू नका, पण बर्णबाही कोणीतरी व्हायला हवं.

मारहाण किंवा मुलांचा छळ होत असेल, तर ‘देव बदलेल’ म्हणून त्या घरात थांबू नका. आधी सुरक्षित ठिकाणी जा, पोलिसांना कळवा. अत्याचार करणारा मंडळीतला पुढारी असला तरीही. देवाच्या सामर्थ्याला कोणाचा गुन्हा झाकायची गरज पडत नाही.

आणि गावाकडचा तो फोन. रविवारच्या घाईत नको, तिकडे जेवणं उरकून निवांत असतील अशी वेळ निवडा. ज्याचं अपयश आहे त्यानेच बोलावं, जोडीदाराने शेजारी बसावं. पहिल्याच वाक्यात बातमी सांगा, प्रस्तावना लांबली की म्हाताऱ्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. पुढे काय ठरवलं आहे तेही सांगा. मग गप्प राहा, त्यांना रागवू द्या, रडू द्या. आणि फोन ठेवण्याआधी म्हणा, ‘बाबा, आज प्रार्थना तुम्ही करा.’