मालकाला काय सांगू?

‘मला काही झालेलं नाही, मग एचआयव्हीची गोळी मी का खाऊ? आणि खाल्ली, तर बघणारे काय म्हणतील?’ प्रेपचा विषय काढला की बहुतेक जणी याच दोन प्रश्नांवर अडतात. पहिल्याचं उत्तर देणं सोपं आहे. दुसऱ्यासाठी वेळ काढून बसावं लागतं.

पहिलं आधी उरकते. प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्या माणसाने तो होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध. टेनोफोविर 300 मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन 200 मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. रक्तात औषध पुरेसं असलं तर शिरलेल्या विषाणूला पेशीत वाढता येत नाही, त्याला शरीरात घरच करता येत नाही. अमेरिकेने 2012 मध्ये या वापराला परवानगी दिली, जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये जास्त धोका असलेल्या सगळ्यांसाठी शिफारस केली. नेमाने घेतली तर लैंगिक संबंधातून होणारी लागण जवळपास 99 टक्के टळते. धंदा करणाऱ्या बायकांच्या वस्तीत एचआयव्ही रोखण्याचं काम करताना मी माला-डी या गर्भनिरोधक गोळीचं उदाहरण देते: रोज घ्यायची असते, दिवस गेलेले नसतानाच घ्यायची असते आणि पाकीट दिसलं म्हणून बाई गरोदर ठरत नाही. बायका हसतात आणि मुद्दा पोचतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी कस्तुरीअक्काची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय पस्तिशीचं, माहेर कर्नाटकच्या सीमेवरचं, धंद्यात बरीच वर्षं. कंडोमच्या बाबतीत आमच्या पीअर बायकांनीसुद्धा, म्हणजे वस्तीतल्याच पण इतरांना समजावून सांगणाऱ्या बायकांनीसुद्धा, तिच्याकडून शिकावं अशी. दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ती दारातूनच परत पाठवायची. दर सहा महिन्यांची एचआयव्ही तपासणी कधी चुकवली नाही आणि रिपोर्ट दर वेळी निगेटिव्ह. प्रकल्पाच्या फॉर्मवर आठवड्याची गिऱ्हाइकं किती आणि कंडोम किती वेळा, असे रकाने असतात. ते भरले की कस्तुरीअक्का अगदी सुरक्षित दिसायची.

फॉर्म बाजूला ठेवून मी एक जादा प्रश्न विचारते: कंडोम कोणाबरोबर वापरत नाही? किती वेळा नाही वापरला असं विचारलं की बाई हिशेब देते, कोणाबरोबर म्हटलं की थांबते. अक्का थांबली. मग म्हणाली, "मालकासंगट कसा वापरायचा मॅडम? त्यो काय गिऱ्हाईक हाय व्हय?"

मालक म्हणजे तिचा आदमी. ट्रकवर असतो, शनिवारी येतो, गावाकडे त्याची बायको-मुलं आहेत. अक्काच्या खोलीतला गॅस, टीव्ही त्याने आणलेला. एकदा तिने उशाखालून कंडोम काढला, तर त्याने तो फेकला आणि म्हणाला, "मला बी त्यांच्यात मोजलंस काय?" त्यानंतर तिने विषय काढला नाही. रस्त्यावर त्याचं काय चालतं ते तिला माहीत नाही. स्वतःची तपासणी तो करून घेत नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. जोखमीचे गट म्हणून आपण धंदा करणाऱ्या बायका, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे अशी यादी करतो आणि तिथेच थांबतो. पण कस्तुरीअक्काचा धोका तिच्या धंद्यात नव्हता. जिथे ती बायकोसारखी वागत होती, त्या नात्यात होता. प्रेपची गोळी मला महत्त्वाची वाटते ती यासाठीच. ती घ्यायला समोरच्याची परवानगी लागत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरांनी तिला गोळी सुचवली. अक्काने बाटली हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. "ही तर पॉझिटिव्ह बाया खात्यात." निरीक्षण चुकीचं नव्हतं. टेनोफोविर हे औषध एआरटीत, म्हणजे एचआयव्ही झालेल्यांच्या उपचारातही असतं, तिथे त्याच्या जोडीला आणखी दोन औषधं असतात, कारण तिथे शरीरात आधीच असलेला विषाणू दाबून ठेवायचा असतो. बाटलीही तशीच दिसते. वस्तीतली पोरंसुद्धा ती ओळखतात, खडखड आवाजावरून ओळखतात. तिला लेबल वाचता येत नाही, पण लेबल कोण कोण वाचू शकतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एक अडचण घरवालीची, म्हणजे धंद्याचं घर चालवणाऱ्या बाईचीही होती. तिचं म्हणणं असं की गोळी सुरू झाल्याचं गिऱ्हाइकांना कळलं तर ती बिनकंडोमची मागणी करतील, जास्त पैसे दाखवतील, आणि वर्षानुवर्षं धरून ठेवलेला नियम मोडेल. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. 2016 च्या सुमारास कोलकात्यात सोनागाचीला आणि म्हैसूरला, धंद्यातल्या बायकांच्या स्वतःच्या संघटनांनी प्रेप देऊन पाहिलं. दोन्हीकडे सहाशेहून जास्त बायका होत्या. तिथेही सुरुवातीला हीच शंका निघाली होती. गोळ्या बायकांनी नेमाने घेतल्या, दोन्हीकडे एकीलाही नव्याने एचआयव्ही झाला नाही. बायकांनीच चालवलेल्या कामात बायकांनीच नियम राखला, हे घरवालीला सांगितल्यावर ती थोडी सैलावली. पुरती पटली असं मी म्हणणार नाही.

अक्काची खरी गाठ मात्र मालकापाशी होती. "त्यानं बघितली तर काय सांगू? मला रोग झालाय म्हणंल. न्हाईतर, तुला रोग झालाय असं म्हणायचंय काय, म्हणंल." दोन्ही बाजूंनी नातं तुटायचीच भीती.

अशा वेळी बायकांना सांगितलं जातं, रक्तवाढीची गोळी म्हणून खपव. मी ते सांगत नाही. खोटं बोलू नये म्हणून नव्हे; पकडलं गेलं तर मार तिला पडणार, मला नाही, म्हणून. उलट ‘त्याला खरं सांगून टाक’ असाही आग्रह धरत नाही. आम्ही दोघींनी बसून ठरवलं: त्याने विचारलंच तर कुठलं वाक्य बोलायचं, तो चिडला तर त्या रात्री कोणाच्या खोलीत जायचं, आणि त्याने बाटली फेकली तर दुसऱ्या दिवशी गोळी कुठून मिळेल. लेबल सोलून टाकायचं, आवाज नको म्हणून आत कापूस भरायचा, पण आर्द्रता शोषणारी पुडी काढायची नाही, हे इतर बायकांनीच शोधलेले उपाय मी तिला दिले. वाक्य तिने स्वतः बनवलं: "ही माझ्यासाठी हाय, तुझ्यावर शंका म्हणून न्हाई. मी धंद्यात हाय, मला जपाया पायजे."

सुरू करण्याआधी रक्त तपासलं. एचआयव्ही नाही याची खात्री लागतेच, कारण लागण आधीच झाली असेल तर दोन औषधं अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. शिवाय किडनीचं काम आणि हेपटायटिस बी. टेनोफोविर हेपटायटिस बीवरही काम करतं, त्यामुळे तो असलेल्या माणसाने गोळी अचानक बंद केली तर यकृताला त्रास होऊ शकतो. अक्काचं सगळं ठीक निघालं. पहिले काही दिवस मळमळ आणि गॅस झाला, मग थांबला.

वेळ ठरवताना ‘सकाळी नाश्त्यानंतर’ हे छापील वाक्य तिच्या कामाचं नव्हतं. वस्तीची सकाळ बाराला होते. अंघोळीनंतरच्या चहाला गोळी बांधली. दारू घेतली तर चालेल का, हे तिने खाली बघत विचारलं. दारूने औषध बिघडत नाही, पण दुसऱ्या दिवशी गोळी विसरते, हे सांगितलं. तिच्या शेजारणीने कुठूनसं ऐकलं होतं की संबंधाआधी दोन, मग एक-एक अशा चारच गोळ्या पुरतात. ती पद्धत आहे खरी, पण पुरुषांसाठी. बायकांनी रोजच घ्यायची, आणि पुरतं संरक्षण यायला आमचे डॉक्टर तीन आठवडे धरून चालायला सांगतात.

मालकाने बाटली दुसऱ्याच महिन्यात पाहिली. अक्काने ठरलेलं वाक्य सांगितलं. तो उठून गेला, दोन शनिवार आला नाही. ती माझ्याकडे येऊन रडली, गोळी नाल्यात टाकते म्हणाली. मी एवढंच विचारलं की तो परत आला तर कंडोम वापरेल का. तिने डोळे पुसले, उत्तर दिलं नाही. गोळी टाकलीही नाही. तिसऱ्या शनिवारी तो आला, भांडला नाही, काही विचारलंही नाही.

तीन महिन्यांच्या तपासणीत एचआयव्ही निगेटिव्ह, पण सिफिलिस निघाला. ही गोळी फक्त एचआयव्ही अडवते. सिफिलिस, परमा किंवा गर्भधारणा नाही, आणि म्हणूनच गिऱ्हाइकांबरोबर कंडोम सुटता कामा नये. अक्काला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. जोडीदारालाही उपचार लागतो, असं सांगितल्यावर हा माणूस पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढला. इंजेक्शन घेतलं. एचआयव्ही तपासणी करू या म्हटलं तर नाही म्हणाला. 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय तपासता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. अक्का मात्र चिडली: "माझं रगात काढाया सगळ्यांस्नी वेळ असतोय."

सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनबद्दल मी तिला सांगितलं. 2024 मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात, दक्षिण आफ्रिका आणि युगांडात ते घेतलेल्या 2134 बायकांपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. स्वस्तातलं उत्पादन करायला ज्या सहा कंपन्यांना परवाना मिळाला त्यात पुण्याची एमक्युअरही आहे. बाटलीच नको म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. पण आज तिच्या हातात आहे ती गोळीच. एआरटीसारखी ती सरसकट मोफत मिळत नाही. अक्काला संस्थेकडून मिळते, इतरांना बहुधा खिशातून घ्यावी लागते. आणि कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, अशा प्रसंगानंतरचं औषध वेगळं असतं: ते 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायचं. कुठे जायचं कळत नसेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे.

मागच्या भेटीत अक्काने विचारलं, "आता किती वर्सं खायाची ही?"

"धोका आहे तोवर. बंद करायची असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं, मनाने सोडायची नाही."

"म्हंजे ह्यो हाय तोवर," असं म्हणून तिने पुढच्या तपासणीची तारीख माझ्याकडून कार्डावर लिहून घेतली, आणि तो शनिवार आहे का ते दोनदा विचारलं.