सही करून गेलेल्या आत्या, सही न करणारी बहीण

प्रश्न : ताई, सदर नेहमी वाचतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. वडील गेल्या वर्षी वारले, आई त्याआधीच गेली. वडिलोपार्जित साडेतीन एकर आहे, मृत्युपत्र वगैरे काही केलेलं नाही. आम्ही दोघंच, मी आणि पुण्यातली धाकटी बहीण. वारस नोंदीच्या वेळी हक्कसोड पत्राचा मसुदा तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, सोमवारी येऊन सही करून जा म्हटलं, तर सरळ नाही म्हणाली. आमच्या चार आत्यांनी १९८८ साली एका दिवसात सह्या केल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, साडी-चोळी घेतली आणि गेल्या. आईवडिलांचं नऊ वर्षं आम्ही केलं, ही दिवाळीला दोन दिवसांची पाहुणी. यंदा भाऊबीजेला बोलवायचंच नाही असं आमची मिसेस म्हणते. आधीच्या बायकांना माणसांची माया होती, आताच्यांना पैशाची, हे खरं ना? – एक वाचक, वय ५२

उत्तर : दादा, आधी तुमच्या आत्यांबद्दल बोलू, कारण तुमचं सगळं गणित त्यांच्यावर उभंय.

माझीही एक आत्या होती. मी असेन दहा-अकरा वर्षांची, तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात सगळे जीपने गेले होते आणि उसाचा रस मिळेल म्हणून मीही मागे लागून गेले. आत्याला सही येत नव्हती. कारकुनाने तिचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर टेकवला, झालं. काय लिहिलंय ते तिने विचारलं नाही आणि कुणी वाचूनही दाखवलं नाही. बाहेर आल्यावर ती भिंतीला अंगठा घासत बसली, शाई काही जाईना, अंगावर आताच दिलेली नवीन इरकल होती, तिला डाग नको म्हणून घरी पोचेपर्यंत तो हात तिने असा जीपच्या बाहेर धरून ठेवलेला. रस प्यायचा राहिला म्हणून मी रस्ताभर रडत होते ते वेगळंच.

त्यानंतर दरवर्षी तिला एक पोतं भुईमुगाच्या शेंगा जायच्या आणि दिवाळीला साडी. हाच तिचा हिस्सा, फक्त कुणी त्याला हिस्सा म्हणत नव्हतं. पुढे घर पुढच्या पिढीच्या हातात गेलं, पोत्याची पिशवी झाली, पिशवीचं ‘एसटीने पाठवतो’ झालं, मग तेही बंद. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा पैसे मागायला आली होती, ओसरीवरच बसली, घरातल्या प्रत्येकाने ‘बघू’ म्हटलं आणि कुणीच बघितलं नाही. ती अगदी थकल्यावर मी एकदा विचारलं, का गं केलास अंगठा? म्हणाली, नसता केला तर सासरी भांडण झाल्यावर जाणार होते कुठं? म्हणजे माहेराचं दार उघडं राहावं म्हणून तिने जमीन दिली होती आणि आम्ही सगळे तिला गुणाची म्हणत होतो, मीसुद्धा. माया होतीच हो तिला, पण तो अंगठा मायेचा किती आणि भीतीचा किती हे तिला तरी सांगता आलं असतं का कोण जाणे. तुमच्या आत्या गप्प राहिल्या म्हणता, त्यांना कुणी काही विचारलं होतं का?

आणि तेव्हा त्यांच्या हातात होतं तरी काय. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या वाट्यातला वाटा मिळायचा, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनचा हक्क फक्त मुलग्यांना. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तो मुलींनाही दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी, याचा आपल्याला अभिमान असायला हरकत नाही, पण त्यात मेख अशी होती की त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुली बाहेर. एकाच घरात थोरलीला नाही आणि धाकटीला आहे, असं झालेलं मी पाहिलंय. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरातल्या सगळ्या मुलींना, लग्न झालेलं असो नसो. आणि त्या तारखेला वडील हयात हवेत की नको यावर पुढे बरीच वर्षं कोर्टकज्जे चालले, शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं, नकोत. तेव्हा दादा, बहीण हिस्सा मागते हा तुमच्या पत्राचा सूरच उलटा आहे. वडिलांच्या मागे तुम्ही दोघंच, अर्धं तिचं आहेच. मागताय तुम्ही. आणि मागताय तेही व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकून, चहाला बसून एकदा बोललात असं पत्रात कुठे दिसत नाही.

आता नऊ वर्षांचं. हे मी हलकं धरणार नाही, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की काय होतं ते मला माहितीये. बहिणीने अंग काढलं असेल तर तेही चूकच, आणि आईबापाची जबाबदारी फक्त मुलाची हे कायदाही मानत नाही, लग्न झालेल्या मुलीवरही ती येते असं सुप्रीम कोर्टाने १९८७ सालीच म्हटलंय, २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलगा-मुलगी दोघं आहेत. दवाखान्याचा खर्च तुम्ही एकट्याने उचलला असेल तर तो कागदावर मांडा, अर्धा तिच्याकडून मागा, बिनधास्त. पण एक विचारू का, ‘आम्ही केलं’ यातलं आम्ही म्हणजे कोण? पथ्याचं जेवण, रात्रीचं उठणं, चादरी, डायपर, हे तुम्ही केलंत की मिसेसनी? मिसेसनी केलं असेल, बहुतेक घरांत तसंच असतं, तर त्या कष्टांच्या बदल्यात जमीन तुमच्या एकट्याच्या नावावर कशी काय? त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून, आणि १९९२ साली सरकारनेही नवऱ्यासोबत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय करून दिली. किती घरांनी लावलं ते आपापल्या गावात जरा विचारून बघा. नणंदेला बोलवायचंच नाही असं मिसेस चिडून म्हणतात ते मला समजतं, नऊ वर्षं राबून हातात काही नाही आणि जी लांब होती तिला अर्धं, कुणाचाही जळफळाट होईल. फक्त तो राग नणंदेच्या वाटेने चाललाय, तुमच्याकडे यायला हवा होता.

कामाचं सांगते. वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही, तलाठ्याकडे दोघांची नावं द्या, लागू दे. पूर्वी बऱ्याच सातबाऱ्यांवर बहिणींची नावं ‘इतर हक्क’मध्ये, एका कोपऱ्यात ढकललेली असायची, तसलं काही करायला जाऊ नका. मग बोला. तिला जमीन हवीये, पैसे हवेत, का नुसतं नाव राहू दे आणि जमीन तूच कस एवढंच म्हणायचंय, तिघांतलं काय ते तिलाच विचारा. तिने खुशीने सोडलं तर तेव्हा रजिस्टर हक्कसोड करता येईल, वकिलाकडून वाचून घेऊन. आणि यंदा भाऊबीजेला तिला बोलावू नका हे बरोबरच, तुम्ही दोघं पुण्याला जा. शेंगा न्या.

प्रश्न : सूनबाई आमच्या मुलाला नावाने हाक मारते, नातू तर बापाला ‘ए बाबा’ म्हणतो. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायचं तर फक्त उखाण्यात. घरातला मान संपलाच का? – एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, आईला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘ए आई’च म्हणत आलो, तिचा मान गेला असं कुणी कधी पत्र लिहून कळवलेलं मला तरी आठवत नाही. बाबांचा बरा लगेच जातो! नातू ‘ए बाबा’ म्हणून शाळेतली भांडणं बापाला सांगतो ना, मग सोडून द्या. आम्ही ‘अहो बाबा’वाले, आम्ही सगळं आईमार्फत कळवायचो, फीची तारीखसुद्धा.

आणि उखाण्याची काळजी नको, तो आहे अजून. परवाच्या एका लग्नात घास भरवताना सगळ्यांनी नाव घे, नाव घे म्हणून गलका केला. मुलगी आयटीतली, चार वर्षं एकाच टीममध्ये त्याला नावाने, आडनावाने आणि डेडलाईनच्या दिवशी शिवीनेही हाक मारलेली. ती चक्क लाजली. मोबाइल काढून उखाणा वाचायला लागली आणि नेमकं नाव यायच्या वेळी केटररचा फोन आला.